उजवा अंगठा

“पुन्हा ठेवा,” व्हिसाच्या कचेरीतला यंत्रावरचा माणूस म्हणाला. तिने पुन्हा ठेवला. काचेच्या तुकड्याखाली हिरवा उजेड, त्यावर तिचा उजवा अंगठा आणि अंगठ्यावर दोघांचीही नजर. उजेड लाल झाला. “जरा जोरात दाबा, मॅडम.” तिने दाबला. लाल. “एवढा जोरात नको.” तिने दाब कमी केला. लाल. मग त्याने टेबलाच्या खणातून एक ओलसर फडकं काढून दिलं, तिने बोटं पुसली, मग कोरड्या फडक्याने पुसली, मग पुन्हा काच. डाव्या हाताची करंगळी पहिल्या फटक्यात हिरवी झाली तेव्हा तिला कोण आनंद झाला. सगळ्या विषयांत गटांगळ्या खाणाऱ्या मुलीला चित्रकलेत पास केल्यावर होईल तसा. मागे रांगेत कुणीतरी मुद्दाम घसा खाकरला. “काय काम करता?” माणसाने पडद्यावरची नजर न काढता विचारलं. “संशोधन.” “म्हणजे हाताचं काम नाही. मग असं कसं? असं आमच्याकडे गवंड्यांचं होतं. भांडी घासणाऱ्या बायकांचं होतं.” हाताचंच काम आहे, असं तिला सांगायचं होतं. पण ते सांगायला लागले तर इथे उभ्या उभ्या रडू फुटेल, असं वाटून ती नुसती मान हलवत राहिली. त्याने यंत्र फिरवून तिच्या बोटांचे ठसे तिलाच दाखवले. करंगळीवर सुरेख वळणं उमटली होती. अंगठ्याच्या चौकटीत एक राखाडी डाग होता, बस्स. “बोटं उतरत नाहीत,” तो म्हणाला. “पुढच्या आठवड्यात या. तोवर हात पाण्यात घालू नका, साबण नको, खरखरीत काही धरू नका. मलम चोळा. पुढच्या खेपेलाही नाही आलं तर फाइल वर जाईल.” “वर म्हणजे?” “वर म्हणजे वर.” त्याने छताकडे बोट दाखवलं. “आणि मग किती दिवस?” “ते वरचे सांगतील.” त्याने पुढच्या माणसाला खूण केली आणि ती बाजूला झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिच्या मनात आलं, पण हसू मात्र आलं नाही.

बसमध्ये खिडकीशी बसून तिने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि बोटं बघितली. रोज बघण्यातली, म्हणजे कधीच न बघितलेली. टोकं गुळगुळीत होती, थोडी चकाकणारी, नदीतल्या गोट्यांसारखी. हे कधी झालं? तिचं काम धातूंचं. धातू नुसत्या डोळ्यांना नुसता धातू दिसतो. त्याच्या आत काय चाललंय ते बघायचं तर नखाएवढा तुकडा कापायचा, राळेच्या वडीत बसवायचा आणि फिरत्या चकतीवर पॉलिश पेपर लावून घासत बसायचं. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी मखमलीवर, त्यात आपला चेहरा दिसेपर्यंत. मग आम्लाचा एक थेंब, आणि मायक्रोस्कोपखाली धातूचं अंतरंग उघडं पडतं. कण, कणांच्या सीमारेषा, आणि त्या रेषा धरून चोरासारखी पुढे सरकलेली एखादी भेग. चकती फिरत असते, वरून पाणी पडत असतं आणि वडी बोटांनी धरलेली असते. बोटाचं टोक कागदाला लागतं. दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. हे काम करणारं यंत्र मिळतं. सरांच्या लॅबमध्येही एक आहे, त्यावर सगळे आपापली हेल्मेटं ठेवतात. सर म्हणतात, यंत्राला घासता येतं, थांबता येत नाही. तिला थांबता यायचं. कुठल्या क्षणी हात उचलायचा हे अंगठ्याला तिच्या आधी कळायचं. लॅबमध्ये नवीन आलेली मुलं तिच्या हाताला गुण आहे म्हणत आणि ती वरवर झटकून टाकी. आतून मात्र तिला ते फार आवडे. लहानपणी कुणी तिला सुंदर म्हटलं नव्हतं, पुढे कुणी हुशारही फारसं म्हटलं नाही, चिकाटी आहे म्हणत. हाताला गुण आहे हे एकच तिला खरं वाटलं होतं. धातूच्या रेषा शोधता शोधता आपल्या घासल्या गेल्या, यात आता तक्रार कुणाकडे करायची?

आणि तारीख. सगळ्याच्या मागे ती तारीख दबा धरून बसली होती. पोस्टडॉक म्हणजे काय हे आई अजून शेजारणीला नीट सांगू शकत नसे. “शिक्षण संपलंय, पण नोकरी लागलेली नाही, पण पगार येतो,” असं ती सांगे, आणि खरं म्हणजे याहून अचूक व्याख्या तिलाही करता आली नसती. एक झालं, ते संपलं. दुसरं झालं, ते सरांनी ओढून ताणून वाढवलं, तेही आता संपत आलं होतं. पीएच.डी. शिळी होते हे तिला आधी ठाऊक नव्हतं. दुधाच्या पिशवीवर असते तशी तिच्यावरही तारीख असते. अमुक वर्षांच्या आत असाल तर अर्ज करा, नसाल तर इतर संधींसाठी शुभेच्छा. ही परदेशातली जागा त्या तारखेच्या अगदी काठावर मिळाली होती. मुलाखतीत पडद्यावर तिकडच्या बाई आणि दोन पुरुष होते. पुरुष प्रश्न विचारत होते आणि तिची जीभ टाळ्याला चिकटत होती. मग तिने भेगेचं चित्र दाखवलं. बाई पुढे वाकल्या, चष्मा काढला, पुन्हा लावला. हे पॉलिश कुणी केलं, त्यांनी विचारलं. मी, ती म्हणाली. त्या एका ‘मी’वर जागा मिळाली, हे तिला पुढचे प्रश्न चालू असतानाच कळलं होतं. पण पत्रात स्पष्ट होतं की रुजू होण्याची तारीख बदलणार नाही, आणि न आल्यास जागा यादीतल्या पुढच्याला जाईल. तो पुढचा कोण, हे तिला माहीत नव्हतं. तरी आजकाल ती त्याला रोज बघत होती. त्याची बॅग भरलेली आहे, त्याची दहाही बोटं ठसठशीत आहेत आणि तो काहीच न करता नुसता थांबला आहे.

“एवढी शिकलीस,” आई म्हणाली, “आणि नुसता अंगठा द्यायला गेलीस तर तोही कुणी घेतला नाही.” वहिनी फस्सकन हसली. तीही हसली, मग आई तिघींत सगळ्यात जास्त हसली, आणि मग आईने तिचा हात ओढून घेऊन उजेडात धरला आणि हसायची थांबली. “अगं, हे काय करून घेतलंस.” त्या दिवसापासून घरात तिला कशालाही हात लावायची बंदी झाली. वहिनीने तिच्यापुढचं ताट उचललं. “बसा राणीसाहेब, बसा. हातावर हात ठेवून बसायचे दिवस आलेत तुमचे.” वहिनीच्या बोलण्यात टोमणा होता आणि मायाही होती, आणि दोन्ही वेगळं करणं तिला कधीच जमलं नव्हतं. दादा कामावरून येताना मलमाची डबी घेऊन आला. संध्याकाळी आई तिच्या एकेका बोटाला मलम चोळत बसे. इतक्या वर्षांत आईने तिला असं धरलं नव्हतं, तिनेही धरू दिलं नव्हतं. आई चोळता चोळता बोलत राही. तिकडे थंडी असेल, कुणी ओळखीचं नसेल, बरं नसलं तर कोण बघेल. आणि मग स्वतःच म्हणे, “पण जा. मी आडकाठी घालत नाही.” आपण गेलो तर आई या खोलीत संध्याकाळी काय करेल, हा विचार आला की तिला भीती वाटे. आणि आपण गेलो नाही तर आपण या खोलीत काय करू, हा विचार आला की त्याहून जास्त. रिकाम्या हातांनी तिला काही सुचत नसे. ती सारखी बोटं चाचपून बघायची, अंगठ्याने तर्जनी, तर्जनीने अंगठा. सकाळी खिडकीशी जाऊन उजेडात तिरकी धरायची. काहीतरी उगवतंय का? पेरून वर माती लोटलेल्या वाफ्याकडे बघावं तसं ती बघे, आणि बघून बघून तिला खरंच रेषा दिसायला लागत, आणि मग त्या आपणच कल्पिलेल्या आहेत असं वाटून छाती धडधडू लागे.

बाबांचा अंगठा तिला त्याच दिवसांत पुन्हा पुन्हा आठवला. बाबा कचेरीत कारकून होते आणि त्यांची सही ही घरातली एकमेव श्रीमंती होती. पहिलं अक्षर कमानीसारखं, मग एक सरळ धाव, आणि शेवटी मागे वळून सगळ्या नावाखालून गेलेली रेघ. तिच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ते आधी हवेत एकदा हात फिरवून घेत. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात गेला. बँकेच्या कागदावर दादाने त्यांचा डावा अंगठा शाईच्या डबीवर धरून टेकवला. ती तेव्हा तिथेच होती, पलंगाच्या पायाशी. बाबांनी तो निळा अंगठा डोळ्यांसमोर धरून बराच वेळ पाहिला आणि वाकड्या झालेल्या तोंडाने म्हणाले, “शेवटी अंगठेबहाद्दर झालो.” सगळे हसले, कारण ते हसत होते. शाई दोन-तीन दिवस गेली नाही. आई ओल्या फडक्याने पुसायची आणि ते हात मागे घ्यायचे. कागदावर मात्र ठसा इतका स्वच्छ उमटला होता की तिने मनात त्याचं कौतुक केलं होतं. मायक्रोस्कोपखाली बघावा असा. त्यांची बोटं कधी कागदापलीकडे कशाला घासली नव्हती.

सरांचा फोन आला तेव्हा आई मलम चोळत होती, म्हणून वहिनीने फोन तिच्या कानाशी धरला. “कशी आहेस,” सरांनी विचारलं, आणि सर कशी आहेस विचारतात तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं हे तिला माहीत होतं. शोधनिबंध परीक्षकांकडून परत आला होता. सगळं मान्य होतं, फक्त भेग नेमकी जिथून सुरू झाली त्या जागेचं एक स्पष्ट चित्र त्यांना हवं होतं. निबंध टर्बाइनच्या ज्या मोडलेल्या पात्यावर होता त्याचे तीन तुकडे उरले होते. “त्यातले दोन पोरांनी घालवले,” सर म्हणाले. “भेगेचं तोंडच घासून टाकलं गाढवांनी. आता शेवटचा आहे.” “सर, माझी बोटं,” ती म्हणाली. “हो हो, माहीत आहे. मी कुठे तुला ये म्हणतोय? तुझ्या कानावर घातलं.” फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाली, “गेलीस तर बघ.” आईने तिचा हात आणखी घट्ट धरला. ती स्वतःला समजावत राहिली. जागा मिळाली आहे, निबंध आज ना उद्या होईल, हे सरांचं ओझं आहे, आपलं नाही. पण डोळ्यांपुढे ती वडी यायची, कुणाच्या तरी आडदांड बोटांत, आणि चकतीचा आवाज, आणि थांबायला हवं होतं त्या क्षणानंतरही चालू राहिलेला तो आवाज. त्या तुकड्याला दुसऱ्या कुणी हात लावावा हे तिला सहनच होत नव्हतं. एवढं साधं होतं ते. तिकडच्या बाईंना आपण ‘मी’ म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नुसती बघायला म्हणून लॅबमध्ये गेली. सर चकतीपाशी स्वतःच उभे होते, बाह्या दुमडून, चष्मा कपाळावर. मुलांना त्यांनी बाहेर पाठवलं होतं. त्यांनी वडी कागदाला टेकवली आणि आवाजावरूनच तिला कळलं की दाब एका बाजूला जातोय. सरांचा हात आता थरथरायचा. त्यांनी वडी उचलून उजेडात धरली. मधोमध एक ओरखडा होता, भेगेपासून थोडा दूर. अजून थोडाच दूर. “द्या,” ती म्हणाली. “नको,” सर म्हणाले, पण वडी त्यांनी पुढे केली होती. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या चिकटपट्ट्या काढून तिने दोन्ही हातांच्या बोटांवर चढवल्या, एकेक नीट गुंडाळून. उजवा अंगठा मात्र उघडाच ठेवावा लागला. दाब कळायला एक तरी बोट उघडं हवं. आज सकाळीच त्याच्यावर तिला तीन-चार बारीक रेषा दिसल्या होत्या, आणि या वेळी त्या कल्पिलेल्या नव्हत्या. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चकती चालू केली. आपण हे का करतोय, तिने स्वतःला विचारलं. जायचं नाही म्हणून? की गेल्यावर पुन्हा हे करता येणार नाही म्हणून? तिकडे सगळं यंत्रावर होतं, बाईंनीच सांगितलं होतं, अभिमानाने. गार पाणी अंगठ्यावरून वाहू लागलं. धातूची ती ओळखीची कुरकुर हाडातून वर चढली, आणि कित्येक दिवसांनी तिच्या छातीतली धडधड थांबली. तिला फार सुख झालं. लाज वाटावी इतकं. कागद बदलले, मखमल आली, आणि मग कुठलाही आवाज नसताना अंगठ्याने सांगितलं, पुरे. आम्लाचा थेंब पडला. मायक्रोस्कोपखाली भेग उलट्या वाटेने मागे मागे गेली आणि एका काळ्या ठिपक्याशी संपली. एवढासा मळ, धातू ओतताना आत राहिलेला. त्याच्यापायी एवढं मोठं पातं मोडलं होतं. सर बराच वेळ डोळा लावून बसले. “हं,” ते म्हणाले. याहून मोठी शाबासकी त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती. मग त्यांनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. “आमच्या वेळी नुसता फोटो लागायचा,” ते म्हणाले. “कधी आहे तुझं?” “परवा.” सरांनी चष्मा पुसायला घेतला आणि ते तो पुसतच राहिले. घरी वहिनीने दार उघडलं, पट्ट्यांची बोटं पाहिली, मग उघडा अंगठा. “वा,” ती म्हणाली. “गुरुदक्षिणेची गोष्ट खरी करून दाखवलीस म्हणायचं. आईंना सांगू नकोस.” त्या रात्री वहिनीनेच तिच्या अंगठ्याला मलम लावलं.

यंत्रावरचा माणूस तोच होता. त्याला ती आठवत नव्हती, किंवा तो तसं दाखवत होता. डावा हात ठेवला, चार बोटं, हिरवी. डावा अंगठा, हिरवा. उजवी चार बोटं, एकदा लाल, मग हिरवी. आईची ती एकेक संध्याकाळ काचेवर हिरवी होऊन उमटत होती. मग उजवा अंगठा. लाल. पुन्हा. लाल. फडकं, मलम, फुंकर, लाल. “परवा-तेरवा काही घासलंत का?” त्याने विचारलं. तिने अंगठा पुन्हा फडक्याला पुसला. वर, छताच्याही वर, कुठल्यातरी खोलीत आपली फाइल चढत जाते आहे आणि तो यादीतला पुढचा माणूस खुर्चीवरून उठतो आहे, असं तिला स्पष्ट दिसलं. “तारीख कधीची आहे तुमची?” तिने सांगितली. माणसाने मागे पाहिलं, मग यंत्र थोडं स्वतःकडे वळवलं आणि आवाज खाली आणला. “हे बघा. इथे दोन पर्याय येतात. बोट जखमी, नाहीतर बोट नाही. जखमी टाकलं तर बरं होईपर्यंत थांबवतात. ‘नाही’ असं टाकलं तर पुढे जातं.” “नाही म्हणजे?” “नाही म्हणजे नाही. तुटलेलं वगैरे.” “पण तो आहे ना.” “मशीनच्या हिशेबाने नाहीच की मॅडम. मी काय खोटं टाकतोय?” “आणि तिकडे उतरल्यावर कुणी पाहिला तर?” “ते तिकडचं तिकडे.” त्याचं बोट कळीवर थांबलं. ही शेवटची संधी तिला कळत होती आणि हे चूक आहे हेही कळत होतं, आणि दोन्हींमध्ये हात उचलायचा क्षण कुठला ते सांगणारं तिच्याजवळ आता काही नव्हतं. “टाका,” ती म्हणाली.

यंत्राच्या मागून कागद आला. अर्जदारास उजव्या हाताचा अंगठा नाही. खाली फुली मारून जागा सोडली होती. “इथे सही.” दोरीने बांधलेलं पेन तिने उचललं, अंगठा आणि दोन बोटांत धरलं, आणि हवेत एकदा हात फिरवून घेतला. मग तिला बाबांचा पलंग दिसला, निळा अंगठा दिसला, आणि सही थोडी हलली. शेवटची रेघ मागे वळून नावाखालून गेली तेव्हा अंगठ्याची कड ओल्या शाईला लागली. कागदावर एक निळा गोल उठला, आत काही नसलेला. माणसाने कागद ओढून घेतला, त्या गोलाकडे पाहिलं आणि त्यावर शिक्का मारला. “झालं. आता फोटो. कॅमेऱ्याकडे बघा,” तो म्हणाला, आणि मग हळूच, “मॅडम, तो आत घ्या.” तिला आधी कळलं नाही. मग तिने अंगठा मुठीत घेतला, बाकीची बोटं त्याच्यावर मिटली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

बाहेर लिफ्टपाशी येईपर्यंत आईचा फोन आला. “झालं, आई,” ती म्हणाली. “जाते मी.” पलीकडून आईचा आवाज आला, रडका आणि खूश. “आलं का गं सगळं? सगळी बोटं?” “सगळी,” ती म्हणाली. “बघ, जिवावरचं बोटावर निभावलं. मी म्हणत नव्हते?” मूठ इतकी घट्ट आवळली गेली होती की आतला अंगठा ठणकत होता. तरी तिला ती सोडवेना. लिफ्टचं बटण तिने डाव्या हाताच्या करंगळीने दाबलं.